जेवणापुरतं बंद

मी एक जुना राऊटर आहे, मित्रांनो. पण या घरात मला त्या नावाने कुणी ओळखत नाही. इथे मला डबा म्हणतात. ‘डबा बघ जरा’, ‘डबा बंद करून चालू कर’, ‘हा डबा आता फेकून द्यायच्या लायकीचा झालाय’, अशी वाक्यं ऐकण्यातच माझा जन्म गेला. हल्ली माझ्याच्याने फारसं काही होत नाही. दुपार झाली की अंग तापतं. दोन अँटेनांपैकी एकीने मान टाकली आहे आणि तिला चिकटपट्टीचा टेकू दिलेला आहे. नवा राऊटर मागवल्याचं कानावर आलं आहे. तो आला की माझी रवानगी माळ्यावर, म्हणून त्याआधी एक हकिगत तुम्हाला सांगून टाकतो. घरच्यांशी बोलायला मला तोंड नाही. तुम्ही मुलं मात्र वस्तूंचं ऐकता, असं ऐकून आहे.

माझं बालपण सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यावर, हुबेहूब माझ्यासारख्या भावंडांच्या गर्दीत मी जन्मलो. निळी टोपी घातलेल्या एका बाईने मला वीज जोडली, माझे दिवे हिरवे लागले, तिने मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. तिने मला जितकं निरखून पाहिलं तितकं पुन्हा कधी कुणी पाहिलं नाही. पुढचा बराच काळ गोदामाच्या अंधारात गेला. तेव्हा मला वाटायचं, कधी एकदा कामाला लागतो. आता त्या अंधाराची आठवण आली की हेवा वाटतो.

मग एके दिवशी नेट जोडणारा माणूस मला काखेत मारून या घरी आला. बूट न काढताच तो जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर चढला, भिंतीला भोक पाडलं आणि केबल आत ओढली. केबल जेमतेम जेवणाच्या खोलीतल्या कपाटापर्यंत पुरली, म्हणून त्या कपाटावर माझी स्थापना झाली. जागा निवडण्यामागे दुसरा काही विचार नव्हता. त्यामुळे या घराची प्रत्येक पंगत मी वरून पाहिली आहे.

घरात माणसं चार. घराचे मालक लोकांना गाडी चालवायला शिकवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला की मास्तर गप्पकन तो दाबतात. दिवसभर अशा घाबरलेल्या माणसांशेजारी बसून ते संध्याकाळी घरी येतात, तेव्हा त्यांचा आवाज बसलेला असतो आणि उजवा पाय उगाचच जमिनीवर दाबला जात असतो. त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली वहिनी म्हणते, ती घरून एका कंपनीसाठी लोकांच्या तक्रारी ऐकते. तिच्या कामाचा कॉम्प्युटर वायरने थेट माझ्या पाठीला जोडलेला आहे. जेवायला उठली तरी तिला तो चालू ठेवावा लागतो. त्यांची लेक कॉलेजात जाते. ती अंगाने इतकी उंच झाली की घरात तिचं नाव शिडी पडलं. आणि चौथी आत्या, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण.

आत्याची ओळख जरा नीट करून देतो, कारण ही हकिगत तिचीच आहे. आईवडील लवकर गेले, तेव्हा आत्या सूतगिरणीत कामाला लागली आणि दोन्ही भावांना तिने वाढवलं. स्वतःच्या संसाराचं राहूनच गेलं. गिरणीत यंत्रांचा असा गोंगाट की बायका एकमेकींशी ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. गिरणी बंद पडली, गोंगाट थांबला, पण तोवर आत्याचे कान गेले होते. एकदम नव्हे, हळूहळू. आधी घंटी ऐकू येईना, मग फोन, मग माणसं.

मास्तरांनी तिला कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते घातलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घुसायचा आणि माणसांचं बोलणं मात्र गोधडीआडून आल्यासारखं यायचं. तिने ते मुकाट्याने कपाटाच्या खणात ठेवलं आणि आता बरं ऐकू येतं असं सांगून टाकलं. घरच्यांनीही ते मानलं. थोडं मोठ्याने बोललं की भागतं, अशी त्यांची समजूत. इतर हसले की आत्या हसायची. कुणी तिच्याकडे पाहून काही म्हणालं की ती मान डोलवायची. समोर एकच माणूस असेल आणि सावकाश बोलत असेल तर ओठांवरून तिला बरंचसं कळायचं. पण जेवणाच्या टेबलावर तीन माणसं तीन दिशांनी, तोंडात घास घेऊन, माना खाली घालून बोलतात. तिथे ओठ काय कामाचे?

मग ती खरं का सांगत नव्हती, असं तुम्ही विचाराल. गिरणीत तिच्याआधी बहिरी झालेली एक बाई होती. सुरुवातीला सगळ्याजणी तिच्या तोंडाजवळ जाऊन बोलायच्या. नंतर कंटाळा आला. पुढेपुढे तिला फक्त खुणा केल्या जायच्या, हे उचल, ते ठेव, घरी जा. गप्पा कुणी मारेना. आत्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आपलंही तसंच होईल, अशी तिला भीती होती. हे तिने घरच्यांना कधी सांगितलं नाही. गिरणीतली एक जुनी मैत्रीण घरी आली होती, तेव्हा दोघी टेबलाशी बसून याबद्दल हातांनी बोलल्या. ते मी वरून पाहिलं.

त्याच मैत्रिणीकडे जाते असं सांगून आत्या एकदा एकटीच कानाच्या दवाखान्यात गेली. जाताना पिशवीत शिडीचा जुना टॅब घेऊन गेली. फोटो बघायला म्हणून तो शिडीने तिला दिला होता. कान तपासणाऱ्या बाईने त्यात एक ॲप घालून दिलं. समोर कुणी बोललं की त्याचं बोलणं टॅबवर अक्षरांत उमटायचं. टॅबमध्ये सिमकार्ड नव्हतं. तो चालायचा तो माझ्या जिवावर.

त्या संध्याकाळी आत्याने जेवायला बसताना आपली जागा बदलली. माझ्या बरोबर खालची खुर्ची घेतली आणि पाण्याच्या जगाला टेकवून टॅब उभा केला. माझ्यातून आवाज बाहेर जाऊ लागला आणि अक्षरं परत येऊ लागली. जाणाऱ्या येणाऱ्या गोष्टींच्या पोटात काय आहे ते मला वाचता येत नाही. मी आपला हमाल आहे. पण टॅब माझ्या डोळ्यांसमोर होता. मास्तर कुठल्याशा शिकाऊ माणसाचं सांगत होते. त्या माणसाने सिग्नलला गाडी थांबवली आणि दिवा हिरवा झाल्यावर उतरून घरी निघून गेला. सगळे हसले. आत्या किंचित उशिरा हसली, पण मित्रांनो, या वेळी ती का हसतेय हे तिला ठाऊक होतं. वर तिने विचारलं, “मग गाडी कुणी आणली?”

मास्तर चमकले. वहिनी म्हणाली, वन्सं, आज अगदी स्पष्ट ऐकू आलं की तुम्हाला. आत्याने नुसतं हूं केलं. शिडीने टॅबवर काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, पत्ते खेळतेय.

मी आयुष्यात पुष्कळ वाहिलं. सिनेमे वाहिले, परीक्षांचे निकाल वाहिले, भांडणं वाहिली. शिडीला प्रवेश मिळाला तेव्हा तिने मला हात जोडले होते, आणि दुसऱ्याच दिवशी नेट अडकलं म्हणून टपली मारली होती. वहिनीला नोकरी लागली तेव्हा तिने मला फडक्याने पुसलं. कौतुक म्हणायचं तर एवढंच. मला स्वतःला मात्र अभिमान वाटतो तो या एकाच कामाचा, आत्याला तिच्याच घरातलं बोलणं नेऊन देण्याचा.

आता मास्तरांकडे वळतो. त्यांचा राग येऊ देऊ नका, माणूस वाईट नाही. ते दमून घरी यायचे, आणि टेबलावर पाहावं तर शिडीचं डोकं फोनमध्ये, वहिनीचं डोकं फोनमध्ये. ते स्वतःही भाताबरोबर गाड्यांच्या अपघातांचे व्हिडिओ बघायचे, पण तो त्यांच्या मते अभ्यास होता. या सगळ्यात आता आत्याच्या समोरही टॅब. बहिणीकडून त्यांना ही अपेक्षा नव्हती. ताईसुद्धा यातली झाली, असं ते वहिनीला म्हणाले, आणि तेव्हाच त्यांच्या मनाने घेतलं की जेवणाच्या वेळी या घरात नेट चालणार नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी सरळ माझी पिनच उपटली. वहिनी घास टाकून धावत आली. तिचं काम माझ्या वायरवर चालतं. डबा बंद तर माझी नोकरी बंद, असं तिने ठणकावलं. मग मास्तरांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना कळलं की वायर चालू ठेवून फक्त हवेतला सिग्नल बंद करता येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उताणं केलं, चष्मा कपाळावर चढवून माझ्या पोटावर चिकटवलेला पत्ता आणि पासवर्ड वाचला, फोनवरून माझ्या सेटिंगमध्ये शिरले आणि वायफायसमोरची खूण काढून टाकली. काम फत्ते. जेवण झालं, हात धुतले आणि पुन्हा चालू करायला गेले, तर ते पान काही उघडेना. उघडणार कसं? त्यांचा फोन ज्या वाटेने माझ्यापर्यंत पोचायचा, ती वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती. त्यांनी मला हलवलं, उलटंपालटं केलं, ठेवणीतल्या शिव्या दिल्या. शेवटी वहिनीच्या वायरवाल्या कॉम्प्युटरवरून ती खूण परत आली. शिडी हसूनहसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. आत्याही हसली, पण कशाला ते तिला ठाऊक नव्हतं.

मग शिडीनेच माझ्या कुशीवरचं बारीक बटण शोधून काढलं. ते जरा वेळ दाबून धरलं की हवेतला सिग्नल जातो आणि वायर चालू राहते. पुन्हा दाबलं की सिग्नल परत येतो. मास्तर बेहद्द खूश झाले. आपल्या पायाशी असतो तसला ब्रेक आता त्यांना घरातही मिळाला. त्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे बटण दाबलं की सगळे फोन गपगार पडायचे.

खरं सांगू का मित्रांनो, मलाही बरं वाटलं. वर्षानुवर्षं एकदाही डोळा न मिटलेल्या जिवाला अर्धा देह का होईना, टेकवायला मिळत होता. माझा एक दिवा विझायचा आणि अंगातली आग उतरायची. बटणाच्या पहिल्या दिवशी त्या सुखात मी खाली पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. आत्याच्या टॅबवर एक चक्र गरगर फिरत होतं, आणि मग ‘इंटरनेट नाही’ अशी ओळ आली. तिने टॅब बंद करून चालू केला. मान वळवून माझ्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. मी बिघडलो असं तिला वाटलं असावं. मग शिडीने तिच्यासमोर तोंड नेऊन सांगितलं, जेवताना बंद, सगळ्यांनी बोलायचं, बाबांचा नियम. हे तिला ओठांवरून नीट कळलं. ती म्हणाली, चांगलं आहे की. दुसरं काय म्हणणार? नको म्हणायचं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं.

माझ्या विश्रांतीची चव त्या दिवसापासून गेली.

आणि गंमत बघा, नियम लागू पडला. ते घर खरोखरच बोलू लागलं. मास्तर आपल्या शिकाऊ मंडळींच्या नकला करायचे. वहिनी दिवसभरातल्या तक्रारी सांगायची. एका गृहस्थाने पंखा फिरतो पण वारा उलट्या बाजूने येतो अशी तक्रार केली होती. शिडी कॉलेजातल्या भानगडी सांगायची. टेबलावर असा दंगा चालायचा की जेवणं रेंगाळायची. आत्या या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघायची, सगळे हसले की हसायची, आणि काही दिवसांनी ती धडपडही सोडून ताटात बघून जेवू लागली. पत्त्यांची सवय जायला वेळ लागणारच, असं मास्तर गमतीने म्हणायचे. ज्या नियमाने सगळ्यांना बोलतं केलं, त्यानेच तिला पंगतीतून उठवलं होतं, आणि ती तर तिथेच बसलेली होती. मी कपाटावर पडून हे बघत होतो. काय करू शकणार होतो? माझ्याकडे चार दिवे आहेत, तेही मला हवे तेव्हा लावता येत नाहीत.

अशातच मास्तरांच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या गावी राहतो, रंगाचं दुकान चालवतो. त्याने नवं घर बांधलं होतं आणि खालच्या मजल्यावर एक खोली खास ताईसाठी ठेवली होती. आता ताईने कायमचं आमच्याकडे यावं, असं तो म्हणत होता. मास्तरांच्या मनात तिला पाठवायचं नव्हतं. पण तिच्या वतीने आपणच नाही म्हणणं त्यांना पटेना. त्या रात्री जेवता जेवता त्यांनी विषय काढला. बोलताना मान खाली, भात कालवत. म्हणाले, “ताई, धाकटा तुला तिकडे राहायला बोलावतोय. कायमचं. तुझ्या मनात आहे का जायचं?”

सगळे थांबून आत्याकडे पाहू लागले. आपल्याला काहीतरी विचारलं गेलंय, एवढं तिच्या लक्षात आलं. जेवताना तिला विचारतात ते साधारण एकच, भात वाढू का, भाजी हवी का. तिने हसून मान डोलवली. “हो, चालेल की.”

 मास्तरांनी ताटातलं संपवलं आणि ते उठले. माझं बटण चालू करायलाही त्या दिवशी ते विसरले. नंतर बेसिनशी उभे राहून ते वहिनीला एवढंच म्हणाले, की इतकी वर्षं एकत्र काढली, निदान एकदा विचार करते म्हणाली असती. वहिनी म्हणाली, त्यांच्या मनात असेल तर आपण कशाला आड यायचं? दोघांचेही चेहरे उतरले होते. आत्या मात्र टेबलावर निवांतपणे ताक पीत बसली होती.

दुखावलेली माणसं पुन्हा विचारत नाहीत, मित्रांनो. मास्तरांनी भावाला होकार कळवला. माळ्यावरून आत्याची ट्रंक खाली आली. ट्रंक पाहून आत्या दारातच थबकली. मास्तर घाईघाईने बाहेर पडता पडता तिला म्हणाले, रविवारी धाकटा येतोय न्यायला. हे शब्द तिने ओठांवरून बरोबर टिपले. आणि तिला वाटलं, यांनी ठरवलं. आपल्याला न विचारता ठरवलं.

तिने का विचारलं नाही, असं मला राहून राहून वाटायचं. विचारायला ती एकदा वहिनीच्या टेबलापर्यंत आलीही होती. वहिनी कानाला हेडफोन लावून कुणाची तरी समजूत घालत होती. आत्या थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली. ठरलं तेव्हा आपण समोर बसलो होतो आणि आपल्याला ऐकू आलं नाही, हे कबूल करायची वेळ आली असती, आणि एवढं ओझं झालेल्या माणसाने आणखी काय काय कबूल करावं? ती आपल्या साड्यांच्या घड्या घालू लागली. तिला जायचंय म्हणून हे तिला जाऊ देत होते; हे पाठवतायत म्हणून ती निघाली होती. एकमेकांवर इतका जीव असलेली माणसं इतक्या शांतपणे चुकताना मी कधी पाहिली नव्हती. शिडी त्या दिवसांत नीट जेवत नव्हती. जायचंय तर जाऊ दे, असं तीही म्हणायची आणि तिथून उठून जायची.

रविवारी दुपारी धाकटा आला. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, नखांत रंग. त्याला ताईची खोली सगळ्यांना दाखवायची होती, आणि त्याची बायको तिकडून फोनवर ती दाखवणार होती. रेंज नाही म्हटल्यावर त्याने वायफायचा पासवर्ड मागितला. मास्तरांचा हात बटणाकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. पाहुणा आलाय, आज राहू दे चालू, असं म्हणून ते जेवायला बसले.

आत्या शेवटी आली. माझा दिवा जळताना तिने पाहिला. तशीच आत जाऊन ती टॅब घेऊन आली आणि पाण्याच्या जगाला टेकवून उभा केला. निघायच्या दिवशीही पत्ते, अशा अर्थाने वहिनी आणि मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तापलेला होतो, दुपारची वेळ, त्यात धाकट्याचा फोन माझ्यावर लादलेला. असल्या वेळी माझा दम तुटतो आणि मी स्वतःच बंद पडतो. त्या दिवशी मी कसा तग धरून राहिलो ते माझं मला माहीत.

खोली बघून झाली. फोन बाजूला ठेवून धाकटा म्हणाला की दादाने ताईला आजवर सांभाळलं, आता आमची पाळी. मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला.

“मी तिला पाठवत नाहीये,” ते म्हणाले. “तिलाच जायचंय. मी विचारलं, तर लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं, नाही म्हणेल.”

ओळी उमटल्या. शेवटची जरा उशिरा आली. आत्याने वाचलं. मग बोटाने ओळी खाली ओढून तिने ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. 

“मी कधी हो म्हणाले?” तिने विचारलं.

मास्तर वैतागले. “त्या दिवशी. जेवताना विचारलं नव्हतं का तुला?”

तिने आधी टॅबकडे पाहिलं, मग भावाकडे. “जेवताना?” ती म्हणाली. “जेवताना तर हे बंद असतं.”

आणि तिने टॅब उचलून त्यांच्याकडे फिरवला. मास्तरांनी चष्मा नाकावर ओढला. समोर त्यांचंच वाक्य होतं, जेवताना विचारलं नव्हतं का तुला. त्याखाली आत्याचं. ते वाचत असतानाच शिडी पुटपुटली, म्हणजे आत्या, तू हे सगळं वाचतेस, आणि तेही तिथे उमटलं. मास्तर त्या अक्षरांकडे बघत राहिले.  मग टॅब पुन्हा तिच्याकडे वळवून त्यांनी विचारलं, “तू पत्ते खेळत नव्हतीस?”

“मला पत्ते येत नाहीत,” आत्या म्हणाली.

वहिनीने पदर तोंडाला लावला. आत्या मग सावकाश बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. कान पार गेलेत. यंत्राचा उपयोग नाही. सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचंच सोडलं असतं, म्हणून सांगितलं नाही. ट्रंक खाली आली तेव्हा वाटलं, मी जड झाले. हे ती रडून नव्हे, थकून सांगत होती, आणि मला ते तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मास्तर उठले. माफी बिफी त्यांनी मागितली नाही. तसली भाषा त्यांना येत नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलून आत्याच्या समोर आणून ठेवली, तोंड पुसलं आणि तिच्याकडे तोंड करून बसले. इतकं सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “ताई, तुला जायचंय का?”

ओठांवरून तिला ते कळलंच होतं. तरी ती अक्षरं येईपर्यंत थांबली. ती आल्यावर नीट वाचली. मग म्हणाली, “नाही.”

ट्रंक माळ्यावर परत चढवायचं काम धाकट्याने केलं. घेऊन जायला आलो आणि हमाली करून चाललो, असं म्हणाला, पण खोली मोकळीच ठेवतो, सुट्टीला ये, असंही सांगून गेला.

आता जेवताना मी चालू असतो. त्या ॲपची एक खोड आहे. दोन माणसं एकदम बोलली की ते गोंधळतं आणि भलतंच काही लिहून बसतं. म्हणून या घरात आता एकाने बोलून संपवल्यावरच दुसरा बोलतो. ओळ पुरी उमटेपर्यंत सगळे थांबतात. मास्तरांना हे फार जड गेलं. आयुष्यभर दुसऱ्याचं वाक्य तोडत आलेला माणूस तो. आता ते टॅबकडे बघत, ओठ मिटून आपली पाळी येण्याची वाट बघतात. आणि वाट बघताना, इलाज नाही म्हणून, त्यांना दुसऱ्याचं ऐकावं लागतं. शिडीचा कॉलेजातला विषय बदलायचा विचार चालला होता, हे त्यांना यामुळेच पहिल्यांदा कळलं.

माझी विश्रांती अर्थात गेली. आता टेबल रिकामं झालं की कुणी आठवणीने माझं बटण दाबतं, तेवढाच आराम. तो पुरत नाही. मी दमलोय मित्रांनो, आणि नवा येतोय ते एका अर्थी बरंच आहे. त्याचं अंग तापणार नाही, त्याची अँटेना लटकणार नाही. पण त्याला या घरातलं काही ठाऊक नसेल, आणि त्याच्यावरही असंच एक बटण असेलच.

म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांना अधूनमधून बंद जरूर करा. आमच्या अंगावरची धूळ पुसा, आम्हाला थोडा वारा लागू द्या, दमलेल्याला टेकू द्या. पण घरात काहीही बंद करायच्या आधी, घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसासमोर जाऊन बसा. त्याच्याकडे तोंड करून विचारा, बंद करू का. आणि त्याने मान डोलवली म्हणून लगेच उठू नका. त्याला प्रश्न कळला आहे का, तेवढं बघा.